गाडीवरून पडल्याची नोंद

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात बयाबाई शिंगे आया होती. बाळंतिणीला शेकणं, चादरी बदलणं, नवं बाळ पुसून आजीच्या मांडीवर ठेवणं, हे करता करता तिचा एका शब्दावरचा विश्वास पार उडाला होता. तो शब्द म्हणजे ‘पडले’. काळानिळा डोळा घेऊन आलेली बाई सांगायची, मोरीत पडले. हात मोडलेली सांगायची, जिन्यावरनं पडले. शेजारी उभा असलेला नवरा मान डोलवायचा, व्हय, पडली. बयाबाई तोंडानं काही बोलायची नाही. गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची आणि मनात म्हणायची, पडणारं माणूस आधी हात टेकतं बाई. तुझ्या तळव्याला तर खरचटलं सुदीक न्हाय.

अशा बाईला तिच्या स्वतःच्या नवऱ्यानं पंचवीसवर वर्षं सांगावं की मी गाडीवरून पडलो, आणि तिनं ते मुकाट खरं मानावं, हे नवलच. पण तसं झालं होतं खरं.

केरबा शिंगे फौजेत लान्स नाईक होता. १९८० साली पेन्शन घेऊन घरी आला, एका सूतगिरणीवर रखवालदार म्हणून राहिला, आणि कळंब्याला तलावाच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर बांधून संसार केला. माणूस अबोल. डावा पाय किंचित ओढायचा. थंडी पडली की मांडी चोळत बसायचा. वस्तीत फौजेतले आणखी दोघे-तिघे होते. ते एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी सांगायचे, सव्वीस जानेवारीला कोटावर पदकं लावून मिरवायचे. केरबाकडे एकाहत्तरचं एकही पदक नव्हतं. त्याच्या फौजेच्या कागदावर लिहिलं होतं की लढाईच्या वेळी हा जवान मागच्या डेपोत होता आणि रेशन उतरवताना गाडीवरून पडून जखमी झाला. वस्तीतली माणसं तोंडावर काही म्हणत नसत, पण पारावर विषय निघाला की कुणीतरी डोळा घालायचं, केरबा काय, साखरेच्या पोत्यासंगं लढला. ते बयाबाईच्या कानावर आलं होतं. केरबाच्याही आलं असणारच. तो कधी उलटून बोलला नाही, आणि माजी सैनिकांच्या मेळाव्याला कधी गेला नाही.

१९९८ च्या हिवाळ्यात मांडीचं दुखणं इतकं वाढलं की त्याला बसल्या जागचं उठता येईना. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली आणि बयाबाई त्याला तिथल्याच एका हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो काढला, काचेवर लावला आणि मागचा दिवा पेटवला. हाडाच्या शेजारी करंगळीच्या नखाएवढं काहीतरी पांढरंधोप चमकत होतं.

“मामा, तुम्ही लढाईत होता का?” डॉक्टरांनी विचारलं.

केरबा पायजम्याची नाडी बांधत म्हणाला, “गाडीवरनं पडलोतो. मागची फळी निसटली आन म्या खाली आलो. खिळा मांडीत घुसला.”

“खिळा असा नसतो. कडा बघा ह्याच्या, फाटल्यात. हा स्फोटातला तुकडा आहे. फौजेतले असाल तर कागद दुरुस्त करून घ्या. लढाईतल्या जखमेचं पदक असतं.”

“ऱ्हाऊ द्या,” केरबा म्हणाला. “गोळ्या लिवून द्या दुखायच्या.”

बयाबाईनं तो पांढरा तुकडा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. दवाखान्यातल्या बायका ज्या सुरात ‘पडले’ म्हणायच्या, त्याच सुरात हा आत्ता बोलला होता. डोळे जमिनीकडे, शब्द पाठ केल्यासारखे. इतकी वर्षं आपण हे ओळखलं कसं नाही, याचाच तिला राग आला.

घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं, “काय झाल्तं त्या वक्ताला?”

“सांगिटलं की.”

“ते डॉक्टरला सांगिटलं. मला सांगा.”

केरबानं चपला घातल्या आणि तलावाकडे निघून गेला.

माणूस वाईट गोष्ट लपवतो हे बयाबाईला कळत होतं. चांगली गोष्ट कोण लपवतं? लढाईत लागलेलं लोखंड घेऊन फिरणारा माणूस ते गाडीचा खिळा म्हणून का सांगेल? तिनं मागचं एकेक आठवायला सुरुवात केली. लढाईनंतर दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. रजेवर आला तेव्हा झोपेतनं दचकून उठायचा. तेव्हा तिला वाटलं होतं, तिकडं पंजाबात ह्यानं कुणी बाई ठेवली असणार. आता वाटायला लागलं, बाई परवडली. ह्यानं कुणाचा जीव घेतलाय का? आपल्याच माणसाची गोळी लागली का? चोरी करताना मारला का ह्याला? एक शंका खाली ठेवावी तर दुसरी कडेवर येऊन बसायची.

त्यांचा मुलगा प्रसेनजीत एमआयडीसीत फिटर होता. तो वेगळ्याच हुरुपात होता. आबांना लढाईत लागलंय, एवढंच त्याला दिसत होतं. तो सैनिकांच्या कार्यालयात जाऊन आला. तिथं एक निवृत्त सुभेदार बसायचे. त्यांनी समजावून सांगितलं की जुनी नोंद बदलता येते, पण अर्ज खुद्द जवानाचा पाहिजे, जोडीला डॉक्टरचा फोटो, आणि त्या वेळी बरोबर असलेल्या एकाची तरी साक्ष. नोंद बदलली की एकाहत्तरची पदकंही मिळतील, कारण मग कागदावर हा माणूस डेपोत नाही, लढाईच्या जागी होता असं ठरेल.

“मला काय नको,” केरबा म्हणाला. “आन साक्ष कुणाची आणतोस? सगळी मेली.”

“हंबीरराव हाय की जित्ता,” बयाबाई चुलीपासनं म्हणाली.

केरबानं हातातला घास ताटात ठेवला. “त्याच्या दारात जायचं न्हाय. कुणीबी.”

हंबीरराव इंगळे हा फौजेत केरबाच्याच तुकडीतला. नृसिंहवाडीच्या बाजूला त्याचं गाव, ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. दूध संस्थेचा चेअरमन. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा त्याच्याच हातून चढायचा, आणि छातीवर एकाहत्तरचा स्टार असायचा. ह्या हंबीररावाकडून दरसाल गुऱ्हाळ सुरू झालं की कळंब्याला गुळाची एक ढेप यायची. कधी दुधाच्या गाडीबरोबर, कधी कुणा पाव्हण्याबरोबर. बयाबाईला तो गूळ कधीच गोड लागला नव्हता. इंगळे मराठा, शेतीवाडीवाले. आपण बौद्ध, वस्तीतले. फौजेतली दोस्ती असेल, पण दोस्ती येते, बसते, जेवते. हा माणूस फार तर दारात उभा राहिला, उंबऱ्याच्या आत कधी आला नाही, नुसता गूळ पाठवतो. फुकट देणाऱ्याच्या मनात एक तर भीती असते नाहीतर पाप, असं तिचं मत होतं. आणि आता केरबा म्हणत होता, त्याच्या दारात जायचं नाही.

कुरुंदवाडला तिची बहीण दिली होती. बहिणीला भेटून येते म्हणून ती एका रविवारी एसटीत बसली आणि कुरुंदवाडच्या अलीकडेच हंबीररावाच्या गावाला उतरली.

हंबीररावानं तिला लांबूनच ओळखलं. धोतर सावरत पुढं आला. “वैनी, या की. केरबा बरा हाय न्हवं?”

त्यानं तिला सोप्यात खुर्चीवर बसवलं. आत हाक मारून चहा सांगितला. चहा आला तेव्हा बयाबाईनं आधी कप बघितला. फुलाफुलांचा, कान न तुटलेला, हंबीररावाच्या हातात होता तसाच. वस्तीतल्या माणसासाठी वेगळा ठेवलेला नव्हे. दुसऱ्या कुणाच्या घरी तिला बरं वाटलं असतं. इथं तिला वाटलं, एवढा मान कशापायी?

“ह्यांच्या मांडीत लोखंड घावलंय,” ती म्हणाली. “फोटो काढला.”

हंबीररावानं बशी खाली ठेवली. “केरबा काय म्हणाला?”

“तुमी सांगा की. तुमी हुतासा संगं.”

“आता लई वर्सं झाली वैनी.”

“तरी पण.”

“गाडीवरनं पडला त्यो,” हंबीरराव उसाच्या फडाकडं बघत म्हणाला. “मागची फळी निसटली आन खाली आला. खिळा मांडीत घुसला.”

बयाबाईनं चहा संपवला, कप विसळून पालथा न घालता तसाच ठेवला आणि उठली. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा एकाला फळी आठवते, दुसऱ्याला पोतं आठवतं. ह्या दोघांना तेच शब्द, त्याच क्रमानं आठवत होते. कुणीतरी बसून ते ठरवलं होतं. हंबीररावानं तिला स्टॉपपर्यंत सोडायला माणूस दिला, पिशवीत काकवीची बाटली घातली. ती बाटली तिनं बहिणीला देऊन टाकली.

कळंब्याला आल्यावर तिनं नवऱ्याला जेवू घातलं, ताट उचललं, आणि भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, “हंबीररावाकडं जाऊन आलो. सगळं सांगिटलं त्यानं.”

हे खोटं होतं, पण दवाखान्यात तिनं पाहिलं होतं, खरं बाहेर काढायला कधी कधी आधी आपल्याला खोटं बोलावं लागतं.

“काय सांगिटलं?” केरबानं मागनं विचारलं.

“तुमाला ठावं हाय.”

“मग सांगिटलं तर सांगिटलं,” केरबा म्हणाला. “म्या पळालो. तोफा सुरू झाल्या, पैलाच दिवस. गोळं असं येऊन पडत हुतं की जमीन उसळायची. म्या खंदक सोडला आन मागं पळालो. हंबीर माझ्या मागनं आला, मला वडून न्यायला. तितं गोळा फुटला. लागलं कुटं ते खरं सांगिटलं असतं तर खंदकाबाहेर कशाला गेल्तास म्हनून इचारलं असतं. शत्रूसमोरनं पळालेल्याला फौजेत काय करतात तुला म्हाईत न्हाय. मग हंबीर म्हणाला, गाडीवरनं पडलो म्हनून सांग. दवाखान्यात लई गर्दी, कुणी फोटो काढला न्हाय, तेच लिवून घेतलं, तेच पुढं गेलं. रेशनची गाडी म्हंजे मागं डेपोत हुतो असं झालं. झालं तर झालं.”

बयाबाईनं हातातली परात खाली ठेवली. एवढे दिवस तिनं काय काय कल्पिलं होतं, पण हे नव्हतं. ह्या माणसानं एकदा तलावात बुडणाऱ्या म्हशीला पोहत जाऊन ओढून आणलं होतं. गिरणीत चोर शिरले तेव्हा काठी घेऊन एकटा आत गेला होता. तो पळाला? आणि पळाला तर पळाला, वीस-पंचवीस वर्षांचं पोर होतं. पण आपल्याला सांगितलं नाही. आपण ह्याच्या लंगडण्याला तेल लावत बसलो.

पुढचे काही महिने घरात कामापुरतं बोलणं होतं. प्रसेनजीतला काहीच सांगितलं नाही. तो अर्जाचं विचारायचा, केरबा ‘बघू’ म्हणायचा. वस्तीतल्या त्या पदकवाल्या माणसांच्या घरापुढून जाताना ती आता पदर सारखा करून मान खाली घालून जायची. तिला स्वतःची लाज वाटायची की नवऱ्याची, हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

पण एक गोष्ट तिला सलत होती, चपलेत खडा जावा तशी. पळाला केरबा. जीव धोक्यात घालून त्याला ओढायला गेला हंबीरराव. गोष्ट झाकली हंबीररावानं. मग गूळ तिकडून इकडं कसा येतो? उपकार ज्याच्यावर झाला त्यानं पाठवायचा असतो. पाणी उलटं वाहत होतं, आणि उलटं वाहणाऱ्या पाण्याखाली काहीतरी अडकलेलं असतं, हे तिला पटत चाललं.

त्या वर्षीची ढेप आली ती दुधाच्या गाडीतून. बयाबाईनं ती उतरवूनच घेतली नाही. ड्रायव्हरला म्हणाली, “माघारी न्या. म्हणावं आमच्या घरात गूळ कुणी खात न्हाय.”

आठवडाभरात हंबीरराव स्वतः आला. मोटरसायकल बाहेर लावून दारात उभा राहिला. केरबा तलावाकडे गेला होता. प्रसेनजीत कामावर.

“वैनी, काय चुकलं का?”

“आत या की. कवा आला न्हाईसा,” बयाबाई म्हणाली. तो आत आला, भिंतीला टेकून खालीच बसला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, तिकडं त्यानं एकदा पाहिलं. बयाबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो तोंड लावून अर्धा रिकामा केला.

“मालकांनी सांगिटलं मला,” ती म्हणाली. “पळालेलं हे, आन वडून आणणारं तुमी. मग गूळ आमी पाटवाय पायजे तुमास्नी. तुमचा घेतला तर पचायचा कसा?”

हंबीररावानं झटकन वर पाहिलं. “कोण पळालं म्हणाला त्यो?”

“स्वतः.”

“केरबा म्हणाला? त्यो पळाला म्हनून?”

“व्हय,” बयाबाई म्हणाली. हंबीररावानं तांब्या बाजूला सारला.

“वैनी, म्या पळालो,” हंबीरराव म्हणाला. “केरबा न्हवं. म्या. मला काय दिसत न्हवतं, काय ऐकू येत न्हवतं. नुसता उठलो आन पळत सुटलो. ह्यो माझ्या मागं आला. मानगूट धरली. तेवढ्यात फुटला गोळा. मला कायबी झालं न्हाय, ह्येच्या मांडीत घुसलं. रगात गळतंय तरी मला वडतोय, म्हणतोय, चल माघारी, कुणी बघितलं न्हाय अजून. खंदकात आणून टाकलं मला. मग म्हणाला, म्या गाडीवरनं पडलो असं सांगतो. तू पण तेच सांग. ह्ये शब्द, असंच. माझ्याकडनं वदवून घेतलं त्यानं, स्ट्रेचर येईस्तोवर.”

बयाबाईला वाटलं, आता हा खरं बोलतोय की हाही कुणाला तरी झाकतोय? दोघंही म्हणतात मीच पळालो. पळाल्याचा मान कुणाला हवा असतो? तिनं विचारलं, “मग इतकी वर्सं तोंड का शिवलंतं?”

“माझा बा पैलवान माणूस. थोरला भाऊ फौजेतच हुता. लग्नाची बोलणी चाललीती. पळपुटा म्हनून घरला आलो असतो तर बानं हिरीत ढकलला असता. म्हटलं, चार वर्सांनी सांगू. मग पोरं झाली. मग चेअरमन झालो. सांगायचं ऱ्हाऊन ऱ्हाऊन इतकं मोटं झालं की त्वांडात मावंना.”

दारात सावली पडली. केरबा उभा होता. त्यानं शेवटचं ऐकलं असावं. तो चप्पल न काढताच आत आला.

“कुणी सांगिटल्तं तुला बोलाय?” त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांच्या संसारात बयाबाईनं तो आवाज ऐकला नव्हता. “म्या शब्द दिल्ता तुला. माझा शब्द. तू कोण त्यो मोडणार?”

“तू वैनीला म्हणालास की तू पळालास,” हंबीरराव म्हणाला. “एवढं नगं की रं केरबा.”

“माझी बायको हाय. म्या तिला काय बी सांगीन. उठ, जा घरला.”

बयाबाई दोघांच्या मध्ये बसलेली. तिनं नवऱ्याचे डोळे पाहिले. ते जमिनीकडं नव्हते, सरळ समोरच्या माणसावर होते, आणि लाल झाले होते. दवाखान्यात तिनं राग पुष्कळ पाहिले होते, खोटं पकडल्यावरचे, चोर सापडल्यावरचे. हा तसला नव्हता. जपून ठेवलेली वस्तू दुसऱ्यानं फोडल्यावर माणूस असा चिडतो. तेव्हा तिला पटलं. तरी पुरतं पटायला तिला आणखी महिना लागला, आणि त्या महिन्यात तिनं केरबाला एकाच गोष्टीवरून चार वेगवेगळ्या वेळी विचारून बघितलं. शेवटी तो म्हणाला, “व्हय बाई, हंबीर पळाला. आता झोप.”

साक्ष द्यायची हे हंबीररावानं स्वतःच ठरवलं. केरबा महिनोन्‌महिने नाहीच म्हणत राहिला. शेवटी बयाबाई म्हणाली, “वस्तीतली तुमास्नी पोत्यासंगं लढला म्हणत्यात. ते तुमी सोसलं. पर माझ्या पोराला बी ते ऐकाय लागतंय, ते का?” दुसऱ्या दिवशी केरबानं अर्जावर सही केली.

हंबीररावानं लिहून आणलेली साक्ष बयाबाईनं प्रसेनजीतकडून दोनदा वाचून घेतली. त्यात होतं, ‘आम्ही दोघे खंदकाबाहेर असताना गोळा फुटून लान्स नाईक शिंगे जखमी झाले.’

“बाहेर का हुता ते न्हाय लिवलं,” ती म्हणाली.

सुभेदार तिथंच बसले होते. ते म्हणाले, “बाई, तेवढं नाही लिहिलं तरी चालेल. लिहिलं तर ह्यांच्या अंगाशी येईल.”

“आन न्हाय लिवलं तर ह्यांच्या अंगाशी येतंय,” बयाबाईनं केरबाकडे बोट केलं. “दोघं बी बाहेर हुती म्हंजे दोघं बी पळाली, असं वाचणारा म्हणंल.”

हंबीररावानं कागद ओढून घेतला आणि खाली आपल्या हातानं दोन ओळी लिहिल्या, की पळालो मी, शिंगे मला माघारी आणायला आले होते. मग नोटरीपुढं सही केली.

कागद गेले. दीड वर्षानं उत्तर आलं की नोंदीनुसार सदर जवान युद्धक्षेत्रात नव्हता, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. बयाबाई म्हणाली, वाटलंच मला. प्रसेनजीतनं दुसरा अर्ज लिहिला. मग पुण्याला लष्करी दवाखान्यात बोलावलं, नव्यानं फोटो काढला. बयाबाई बरोबर गेली, आणि फोटोच्या पाकिटावर नाव केरबाचंच आहे ना हे तिनं तिथल्या नर्सला दोनदा विचारलं. पुन्हा एक पत्र, पुन्हा एक कागद कमी. ह्यात तीन वर्षं निघून गेली. मधल्या काळात साक्षीची बातमी हंबीररावाच्या गावात कशी पोचली कोण जाणे, पण पोचली. दूध संस्थेच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलनं भिंतीवर ‘पळपुटा’ असं रंगवलं. हंबीरराव पडला. शाळेतल्या झेंड्यालाही त्या वर्षी त्याला बोलावलं नाही. फौजेकडून त्याला काहीच विचारणा झाली नाही. केरबाला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही, आणि बयाबाईलाही पहिल्यांदाच वाटलं की आपण त्या दोन ओळींचा हट्ट धरायला नको होता की काय.

२००४ साली रजिस्टर पार्सल आलं. पोस्टमन सही मागत होता, पण बयाबाईनं आधी पाकीट फोडून मुलाकडून नाव आणि नंबर अक्षर न्‌ अक्षर वाचून घेतला, मगच सही करू दिली. नोंद बदलली होती. ‘आघाडीवर तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी’ असं आता लिहिलं होतं. एकाहत्तरचा स्टार आणि लढाईचं पदक आलं होतं. जखमेचं पदक मात्र विचाराधीन होतं. ते केरबाच्या हयातीत कधी आलं नाही.

त्या डिसेंबरात कोल्हापुरात माजी सैनिकांचा मेळावा होता. केरबा पहिल्यांदाच गेला. बयाबाईनं त्याच्या कोटावर पदकं लावली, आरशात बघून एकदा सारखी केली. मंडपात वस्तीतले ते दोघे-तिघे भेटले, हात पुढं करून बोलले. केरबानं हात मिळवला आणि पुढं गेला. तो कुणाला तरी शोधत होता.

हंबीरराव शेवटच्या रांगेत बसला होता. अंगात साधा कोट, छातीवर काहीच नाही. केरबा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“पदकं कुटं हाईत तुझी?”

“घरात. आता काय लावायची ती.”

“म्या तर पैल्याच दिवशी दवाखान्यात गेलो,” केरबा म्हणाला. “फुडं लढाई संपेस्तोवर त्या खंदकात कोण हुतं?”

हंबीररावानं व्यासपीठाकडं तोंड वळवलं.

“कोण हुतं सांग.”

“म्या.”

“मग? एकदा पळालास, आन बाकीचं दीस बसलास न्हवं तितं. पुढल्या खेपंला लावून ये.” असं म्हणून केरबा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बायकांच्या रांगेतून बयाबाई बघत होती. कार्यक्रम संपेपर्यंत दोघांपैकी कुणी उठलं नाही.

परतताना केएमटीच्या बसमध्ये बयाबाई आणि केरबा शेजारी बसले. बस कळंब्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिनं विचारलं, “अजून काय ऱ्हायलंय का सांगायचं?”

केरबा खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला, “एक हाय. गोळं पडाय लागलं तवा माझं पाय बी उठलं हुतं. पळायलाच उठलं हुतं. पर हंबीर आधी सुटला, आन मग मला त्याच्या मागं जावं लागलं. त्यो उठला नसता तर म्या काय केलं असतं, मला म्हाईत न्हाय.”

बयाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही, आवाजही पारखला नाही. हे तिला ऐकल्या ऐकल्या खरं वाटलं. तिनं मांडीवरचा कोट उचलून त्याच्या गुडघ्यांवर टाकला, कारण खिडकीतनं गार वारं यायला लागलं होतं.